शिकण्याचा हक्क आणि राहायची खोली

इटलीला शिकायला निघालेल्या मराठी मुलामुलींच्या फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्राच्या जोडीला आणखी एक कागद असतो : तहसीलदारांच्या सहीशिक्क्याचा उत्पन्नाचा दाखला. घरात माणसं किती, आईवडिलांची वर्षाची कमाई किती, घर किती चौरस मीटरचं, गावाकडे जमीन किती, 31 डिसेंबरला बँकेत शिल्लक किती, या सगळ्याचे पुरावे गोळा करायचे, त्यांवर अपोस्टिलचा शिक्का घ्यायचा आणि इटालियनमध्ये भाषांतर करून ते सोबत न्यायचे. बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्राच्या खेपा घातलेल्या घरांना यात नवं काही वाटणार नाही. मात्र या कागदांचं पुढे जे होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

या कागदांवरून कुटुंबाच्या ऐपतीचा एक आकडा काढला जातो. त्याला तिकडे ‘इझेए’ म्हणतात. हा आकडा 22,000 युरोच्या खाली असला, की सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी माफ होते. काही विद्यापीठं ही मर्यादा स्वतःहून आणखी वर नेतात. त्याशिवाय प्रदेश सरकारची शिष्यवृत्ती, स्वस्त जेवण आणि गुणवत्तायादीप्रमाणे वसतिगृहात जागा मिळते. 1948 पासून लागू असलेल्या इटलीच्या राज्यघटनेतल्या 34व्या कलमाचा आशय असा, की विद्यार्थी हुशार आणि लायक असेल, तर हातात पैसा नाही म्हणून त्याचं उच्च शिक्षण अडता कामा नये. पुढच्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी हे कलम आहे. परदेशातून आलेला विद्यार्थीही त्याच रांगेत उभा राहतो आणि त्याच निकषांवर मोजला जातो.

लातूर, नाशिक, सांगलीकडची मुलं बोलोन्यापर्यंत पोचतात ती या वाटेने. एमिलिया-रोमान्या प्रदेशाचं राजधानीचं हे शहर लोकसंख्येने चार लाखांच्या जरासं आत. त्याच्या विद्यापीठात बोलोन्या, चेझेना, फोर्ली, राव्हेन्ना आणि रिमिनी इथल्या संकुलांत मिळून नव्वद हजारांच्या वर विद्यार्थी शिकतात. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांशी बोलताना, त्यांच्या स्वयंपाकघरात बसताना, त्यांच्याबरोबर रांगेत थांबताना एक गोष्ट मला लख्ख दिसत गेली. शिकण्याचा हक्क तिथे खरोखर आहे, तो मागून मिळतो, पैसे बँकेत जमा होतात. आणि तरीही तो राहायच्या खोलीच्या दाराशी येऊन अडतो.

परक्या विद्यार्थ्यांनी उभारलेलं विद्यापीठ

बोलोन्याचं विद्यापीठ आपलं स्थापनेचं वर्ष 1088 मानतं. युरोपातलं हे सर्वांत जुनं विद्यापीठ. कुणा राजाने किंवा धर्मपीठाने ते काढलं नाही. रोमन कायदा शिकवणारे काही गुरू इथे होते, आणि त्यांच्यापाशी शिकायला आल्प्सच्या अलीकडून-पलीकडून मुलं येत होती. ही मुलं परकी. शहराचं नागरिकत्व नाही, पाठीशी कुणी नाही. त्या काळी एखाद्याने कर्ज बुडवलं, तर त्याच्या मुलखातल्या दुसऱ्या कोणालाही धरून वसुली करत. बाराव्या शतकाच्या मध्यावर सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने एक फर्मान काढून विद्यार्थ्यांना यातून संरक्षण दिलं. शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्या माणसाला कायद्याने दिलेला हा युरोपातला फार जुना आधार आहे.

परक्या मुलांनी मग आपापल्या मुलखांप्रमाणे मंडळं केली. ती एकत्र आली आणि विद्यापीठ झालं. कुलप्रमुख विद्यार्थ्यांमधून निवडला जाई. गुरू त्याच्यापुढे शपथ घेत. तासाला उशिरा आलेल्या किंवा अवघड भाग टाळून पुढे गेलेल्या गुरूला दंड होई, गावाला जायचं तर विद्यार्थ्यांची परवानगी लागे. पुढे शहराने गुरूंचे पगार द्यायला सुरुवात केली आणि ही सत्ता विद्यार्थ्यांच्या हातून गेली. पण खूण उरली आहे. 1563मध्ये बांधून पुऱ्या झालेल्या आर्किजिन्नाझिओ या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरलेली आहेत. अशी सुमारे सहा हजार चिन्हं तिथे आहेत. दूरदूरहून शिकायला आलेल्यांची नावं शहराने इतकी शतकं जपून ठेवली.

लाउरा बास्सी हिला 1732मध्ये इथेच पदवी मिळाली आणि ती इथेच शिकवू लागली. युरोपात विद्यापीठात अध्यापनाचं पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका मराठी मुलीने आपल्या टेबलासमोर तिचं चित्र लावलेलं मी पाहिलं. 

कमानींचा कायदा

बोलोन्यात पाऊस पडतो तेव्हा छत्री विसरलेल्याचं फारसं बिघडत नाही. रस्त्यांच्या कडेने घरांच्या खालून आच्छादित वाटा जातात. शहरभरातल्या अशा कमानींची लांबी 62 किलोमीटर भरते. 2021मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाणारी कमानींची रांग तर जवळजवळ चार किलोमीटरची आहे आणि तिच्यात 666 कमानी आहेत. अभ्यासाने डोकं शिणलं, की विद्यार्थी ती चढून जातात.

या कमानी आल्या त्या गर्दीतून. विद्यापीठामुळे, व्यापारामुळे शहरात माणसं वाढली. जागा पुरेना. तेव्हा घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, खाली लाकडी खांबांचा टेकू दिला आणि वर खोल्या वाढवल्या. रस्ते झाकले जाऊ लागले. शहराने यावर 1288मध्ये जो कायदा केला, तो आजही विचार करायला लावतो. नवीन घर बांधणाऱ्याने समोर कमान ठेवलीच पाहिजे. जमीन मालकाची, देखभाल मालकाने करायची, पण तिच्यातून जाण्यायेण्याचा हक्क सगळ्यांचा. घोड्यावरचा स्वार खालून जाऊ शकेल एवढी ती उंच हवी. खासगी बांधकामाला मुभा देताना सार्वजनिक हक्काची अट शहराने आधी घातली.

व्हिया झांबोनी या विद्यापीठाच्या मुख्य रस्त्यावरून चालताना या कमानींतच विद्यार्थ्यांचं सगळं जग दिसतं. सायकली, पुस्तकांची दुकानं, भिंतींवर चिकटवलेल्या जाहिराती. त्या जाहिरातींत सर्वांत जास्त मागणी एकाच गोष्टीची : खोली.

खोलीचा शोध

बोलोन्यात एकट्याची खोली घ्यायची, तर महिन्याला पाचशे युरो किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. म्हणून बरेच जण दोघांच्या खोलीतली एक खाट घेतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या मुलांना यात वावगं वाटत नाही. अडचण वेगळीच येते. घरमालक हमीदार मागतो, आणि तो इटलीत पगार घेणारा हवा असतो. जळगावच्या वडिलांची पेन्शन किंवा साताऱ्याच्या काकांचा ऊस तिथे चालत नाही. काही मालक भाडं घेतात, पण करार नोंदवत नाहीत. आणि खरी गोम इथे आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्याला शिष्यवृत्तीची मोठी रक्कम मिळते, पण त्यासाठी किमान दहा महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. करार नाही, तर विद्यार्थी कागदोपत्री दूर राहणारा ठरतच नाही. हजारो किलोमीटरवरून आलेल्या मुलीची शिष्यवृत्ती एका न नोंदवलेल्या करारामुळे कमी होते.

वसतिगृहं आहेत, पण जागा पुरत नाहीत. यादीत नाव लागतं, पात्रता मान्य होते, आणि खोली मात्र मिळत नाही. लातूरकडच्या एका विद्यार्थिनीने पहिली थंडी तीन घरं बदलत काढली. “वर्गात मी हुशार होते, रांगेत पुढे होते, पण रात्री झोपायचं कुठे हे दर महिन्याला नव्याने ठरायचं,” ती सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण थकवा होता.

ही अडचण फक्त परदेशी मुलांची नाही. दक्षिण इटलीतून आलेली मुलंही तेच भोगतात. शहरात पर्यटक वाढले, विमानांची भाडी उतरली, आणि पूर्वी विद्यार्थ्यांना मिळणारी घरं दिवसाच्या भाड्याने पाहुण्यांना दिली जाऊ लागली. मे 2023मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या एका विद्यार्थिनीने भाड्यांच्या निषेधार्थ विद्यापीठासमोर तंबू ठोकला. बघता बघता हे आंदोलन रोम, बोलोन्या आणि इतर शहरांत पसरलं. राज्यघटनेने दिलेला हक्क छपराशिवाय अपुरा आहे, हे त्या तंबूंनी साऱ्या देशाला दाखवून दिलं.

इथे येऊ इच्छिणाऱ्यांना मुलं एकच गोष्ट बजावून सांगतात. न पाहिलेल्या घरासाठी आगाऊ पैसे पाठवू नका. फोटो खरे असतात, पत्ता खरा असतो, आणि घर देणारा खोटा निघतो.

शिक्के आणि रांगा

इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. त्याला ‘पेरमेस्सो दि सोज्जोर्नो’ म्हणतात. अर्जाचं पाकीट पोस्टातून घ्यायचं, 16 युरोचा मुद्रांक तंबाखूच्या दुकानातून आणायचा, अर्ज पुन्हा पोस्टातच भरायचा. पोस्टाची पावती जिवापाड जपायची, कारण पुढे कितीतरी महिने तीच ओळख असते. मग पोलिसांच्या कचेरीत, म्हणजे क्वेस्तूरात, बोटांचे ठसे द्यायला बोलावणं येतं. पहाटे कडाक्याच्या थंडीत तिथे उभे असलेले चेहरे बांगलादेशचे, मोरोक्कोचे, पाकिस्तानचे, इराणचे, आपले. विद्यार्थी, कामगार, तान्ही मुलं घेतलेल्या आया. शिकायला आलेल्या मुलांना आपण या सगळ्यांपैकीच एक आहोत, याची जाणीव इथे होते. अनेकांनी मला सांगितलं, की स्थलांतर हा शब्द त्यांना पुस्तकाआधी या रांगेने समजावला.

परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. त्यासाठी पहिल्या वर्षी निदान एक आणि पुढे वर्षाला दोन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दाखवाव्या लागतात. आठवड्याला 20 तास, वर्षभरात 1040 तासांपर्यंत काम करता येतं. सरकारी आरोग्यसेवेत नाव घालायचं, तर विद्यार्थ्यांना आधी वर्षाला दीडशे युरोच्या आत पैसे लागत. 2024पासून ते 700 युरो झाले. काटकसरीने राहणाऱ्या मुलासाठी ही रक्कम दीड महिन्याच्या भाड्याइतकी आहे. फी माफ करायची आणि आजारपणाचा खर्च वाढवायचा, यात मेळ बसत नाही.

पिठलं, पियादिना आणि ग्रंथालय

रोजचं जगणं मात्र या अडचणींत अडकून राहत नाही. सकाळी उभ्याउभ्या घेतलेली कॉफी, मग तास. तास ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो. ही विद्यापीठाची जुनी रीत आहे आणि सगळे ती गृहीत धरतात. दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची भोजनशाळा. ऐपतीप्रमाणे तिथले दर बदलतात, शिष्यवृत्तीधारकाला ताट आणखी स्वस्त पडतं. टोमॅटोचा पास्ता, मसूर किंवा पांढरे घेवडे, उकडलेली भाजी, पाव, फळ. शाकाहारी मुलं त्यावर निभावतात.

निभावताना शिकतातही. बोलोन्याच्या प्रसिद्ध तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस असतं. पियादिना दिसते आपल्या जाडसर पोळीसारखी, पण परंपरेने तिच्या कणकेत डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलातली मागून घ्यावी लागते. पार्मिजानो चीज करताना वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. काटेकोर शाकाहारी घरातली मुलं हे कळल्यावर आपापला निर्णय घेतात. दुसरीकडे हरभऱ्याचं पीठ इटलीच्या काही भागांतल्या पदार्थांत वापरलं जातं आणि दुकानांत सहज मिळतं. त्यामुळे पिठल्याला काही अडत नाही. हळद, जिरं, मोहरी, आटा बांगलादेशी नाहीतर पाकिस्तानी दुकानदाराकडून येतो. गणपतीच्या दिवसांत एका स्वयंपाकघरात मोदकांचा घाट घातलेला मी पाहिला. तांदळाची पिठी आशियाई दुकानातली, नारळ त्याच रस्त्यावरचा, आणि कळ्या पाडायला मदत करणारी घरमैत्रीण सिसिलीची. पातळ पिठाला नीट मुरड कशी घालायची, हे तिला तोर्तेल्लिनीमुळे आधीच येत होतं.

संध्याकाळी मुलं सालाबोर्सा ग्रंथालयात जातात. मुख्य चौकालगतचं हे सार्वजनिक ग्रंथालय 2001मध्ये सुरू झालं. काचेच्या जमिनीखाली रोमन काळातल्या शहराचे अवशेष दिसतात. शेजारी कुणी वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, कुणी भाषा शिकणारी निर्वासित बाई, कुणी शाळकरी पोर. आत येताना कुणी ओळखपत्र विचारत नाही, बसायला पैसे पडत नाहीत. थंडीत ज्या खोलीत हीटर जपून लावावा लागतो, तिथल्या मुलांसाठी ही ऊबदार, उजेडाची जागा म्हणजे मोठा आधार आहे.

इंग्रजीतल्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला म्हणून इटालियन शिकायची गरज नाही, असा समज इकडे पसरवला जातो. तो चुकीचा आहे. वर्ग इंग्रजीत चालतो. घरमालक, पोस्ट, डॉक्टर, दुकान आणि मैत्री इटालियनमध्ये चालते. ज्यांना भाषा येते, त्यांची वर्षं निराळी जातात.

समोर बसून द्यायची परीक्षा

मराठी मुलांना सर्वांत जास्त हादरवते आणि घडवते ती इथली तोंडी परीक्षा. अनेक विषयांत लेखी पेपरच नसतो. प्राध्यापक समोर बसतात, विद्यार्थी समोर बसतो, आणि अर्धा तास बोलणं चालतं. दार उघडं असतं. परीक्षा सार्वजनिक असते, इतर विद्यार्थी मागे बसून ऐकतात. एखादी व्याख्या पाठ म्हणून दाखवली, तर पुढचा प्रश्न येतो : हे तुला पटतं का? कशावरून?

नाशिकच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, “आपल्याकडे वायवाला एक्स्टर्नल काय विचारतील याची यादी आम्ही आधीच्या बॅचकडून घ्यायचो. इथे पहिल्या परीक्षेत मला माझं मत विचारलं, आणि त्या विषयावर मला मतच नव्हतं.” पुढच्या परीक्षेआधी तो मित्रांसमोर मोठ्याने बोलून अभ्यास करायला लागला.

गुण तीसपैकी. अठराला उत्तीर्ण. उत्तम कामगिरीला तीस आणि वर विशेष प्रशंसा. मिळालेले गुण विद्यार्थ्याला नाकारताही येतात. मग पुढच्या फेरीत पुन्हा बसायचं. घाईने उरकण्यापेक्षा नीट शिकण्याला वाव देणारी ही सोय मला फार मोलाची वाटते. अर्थात शिष्यवृत्तीधारकाला ती पुरती परवडत नाही, कारण ठरलेल्या मुदतीत ठरावीक क्रेडिट पदरात पडले नाहीत, तर पैसे थांबतात. ऐपत असलेला विद्यार्थी थांबू शकतो, नसलेल्याला पळावं लागतं. हक्काच्या या व्यवस्थेतही ही दरी आहेच.

पदवी मिळाली, की डोक्यावर खऱ्या लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून मुलं रस्त्यावर येतात, मित्र टवाळ गाणी म्हणतात, अनोळखी वाटसरू अभिनंदन करतात. पदवीआधी असिनेल्ली मनोरा चढला तर पदवी हुकते, असं विद्यार्थी मानतात. 97 मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या 498 पायऱ्या एरवी पदवीनंतर चढायच्या. पण शेजारचा झुकलेला गारिसेंदा मनोरा धोक्याचा झाल्याने ऑक्टोबर 2023मध्ये तो परिसर बंद करण्यात आला.

परक्याला आपलं मानणारं शहर

पॅट्रिक झाकी हा इजिप्तचा विद्यार्थी बोलोन्यात पदव्युत्तर शिक्षण घेत होता. फेब्रुवारी 2020मध्ये सुट्टीसाठी मायदेशी गेला असता कैरोच्या विमानतळावर त्याला अटक झाली. बोलोन्याने त्याला सोडलं नाही. शहराने त्याला मानद नागरिकत्व दिलं, चौकात त्याची चित्रं लागली, विद्यापीठाने त्याचा प्रवेश जिवंत ठेवला. जुलै 2023मध्ये त्याने दूरस्थ पद्धतीने पदवी परीक्षा दिली आणि ती सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला. त्याच महिन्यात इजिप्तच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याच दिवशी माफी मिळाली आणि तो बोलोन्याला परतला. परक्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभं राहण्याची बार्बारोसाच्या काळातली गोष्ट या शहराने एकविसाव्या शतकात पुन्हा खरी केली.

आपल्यासाठी एक आनंदाची आठवणही इथे आहे. जुने चित्रपट नव्याने जतन करण्यात बोलोन्याच्या प्रयोगशाळेचं नाव जगात आहे. जून 2025मध्ये पिआझ्झा माज्जोरे या मुख्य चौकातल्या उघड्या पडद्यावर ‘शोले’ची मूळ शेवटासह जतन केलेली प्रत दाखवली गेली. आपल्या घरात ऐकत वाढलेले संवाद परक्या शहराच्या चौकात घुमणं, हे तिथल्या भारतीय मुलांसाठी काय असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल.

जाणाऱ्यांना आणि आपल्याला

जाणाऱ्या मुलांना मी मनापासून सांगेन : जा. स्वस्त म्हणून जाऊ नका, शिकायला म्हणून जा. निघण्याआधी सहा-आठ महिने इटालियन शिका. उत्पन्नाचे, कुटुंबाचे, मालमत्तेचे कागद वेळेत काढा; ऐन वेळी नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते. पहिले तीन महिने शिष्यवृत्तीशिवाय राहता येईल एवढे पैसे हाताशी ठेवा, कारण हप्ता उशिरा येतो. नोंदणीकृत करार देणाऱ्याच घरात राहा. पालकांनी मुलांना फोनवर गुणांआधी झोपण्याची जागा विचारावी.

आणि आपल्याला, महाराष्ट्राला, यातून घेण्यासारखं एक आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढे अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शिकवायचं, तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय करावी लागते, हे त्यांनी बोलोन्यातल्या तंबूंच्या शंभरावर वर्षं आधी ओळखलं होतं. आज पुण्यात, संभाजीनगरात, नागपुरात शिकणारी हजारो मुलं खाटेच्या आणि मेसच्या हिशेबात वर्ष काढतात. सरकारी वसतिगृहांच्या जागा आणि निर्वाह भत्ता ही मदत मानली जाते, हक्क मानला जात नाही. शिक्षण हा हक्क असेल, तर विद्यार्थ्याची खोली त्या हक्काचाच भाग आहे. बोलोन्याने हे अर्धं साधलं आहे. आपण ते पूर्ण साधावं, यासाठी मागणी विद्यार्थ्यांनी करावी, आणि त्यांच्या मागे पालकांनी, शिक्षकांनी, आपण सगळ्यांनी उभं राहावं.